किनीर बंधूंच्या घरातली बाई

२ ऑक्टोबर १६९६, इन्व्हरमोर

पोचले एकदाची! नदी ओलांडून होडीतून उतरताना बूट चिखलात रुतला, तेव्हा होडीवाल्याने मला पोत्यासारखं उचलून काठावर ठेवलं आणि वर म्हणाला, "बाई, तुमच्यापेक्षा तुमची जीभ जड दिसते, होडी त्याच बाजूला कलली होती." गावात पाऊल टाकण्याआधीच मला ओळखणारा हा पहिला माणूस. मीही त्याला त्याच्या नाकाबद्दल दोन शब्द सांगितले. दोघंही खूश झालो.

तीस वर्षं जमीनदारांच्या पोरींना फ्रेंच आणि शिवण शिकवून मी निवृत्त झाले होते आणि पुन्हा कुणाच्या घरात राबायचं नाही असं ठरवलंही होतं. पण पाद्री झकरी किनीर यांचा निरोप आला: ते आणि त्यांचे धाकटे बंधू, दोघेही अविवाहित, घरावर नजर ठेवायला एक वयस्क, शहाणी, नात्यागोत्याचा गुंता नसलेली बाई हवी. माझं मागे-पुढे कुणी नाही हे आजवर लोकांनी कीव करण्यासाठीच काढलं होतं. कुणीतरी तो गुण मानला, याचं बरं वाटलं.

खोली सुंदर आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. घर चर्च आणि कॉलेजच्या बरोबर मध्ये: एका दारातून थोरले प्रवचनाला जातात, दुसऱ्या दारातून धाकटे डॉक्टर निनियन वैद्यक शिकवायला. माझ्या जुन्या गावच्या पाद्र्याने दिलेला वर्तणुकीचा दाखला पाद्रीसाहेबांनी आल्या आल्या मागून घेतला. तसा नियमच आहे. दाखल्याशिवाय कुठलंच गाव परक्याला ठेवून घेत नाही. आता मी इथली झाले.

४ ऑक्टोबर, रविवार

पाद्रीसाहेब दोन तास बोलले आणि वाळूचं घड्याळ उलटं करून पुन्हा बोलले. माझ्या शेजारची पाववाली मॅरियन कोपराने ढोसून कुजबुजली, "घाबरू नका, अजून नरक यायचाय. नरक आला की समजायचं, जेवायची वेळ झाली."

चेष्टा सोडली तर माणूस साधा नाही. बिशपांच्या राजवटीत त्यांच्या पंथावर बंदी होती, तेव्हा त्यांनी कित्येक हिवाळे डोंगरातल्या गुहांत प्रवचनं दिली. सैनिकांनी दोनदा धरलं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. डाव्या पायाची बोटं थंडीने गळून पडली ती तेव्हाच. शब्द मागे घ्यायची सवय असती तर बोटं वाचली असती. डॉक्टर निनियन वेगळे: हॉलंडमध्ये शिकलेले, मृदू बोलणारे, हातांना कायम व्हिनेगरचा वास. दर हिवाळ्यात ते विद्यार्थ्यांसमोर एक मृतदेह उघडून दाखवतात. त्यासाठी दूरदूरची मुलं इथे येतात आणि कॉलेजचं नाव त्यावरच चालतं.

मी शाळा शिकले फ्रान्समध्ये, कॅथलिक नन्सच्या हाताखाली. ही गोष्ट इथे फक्त या वहीला ठाऊक आहे. या प्रोटेस्टंट देशात ते बोलून दाखवणं म्हणजे खिशात विस्तव घेऊन फिरणं.

चर्चमधून बाहेर पडताना भिंतीपाशी एक बाई बसलेली दिसली. चाळिशीची असेल, अंगावर नुसता मळका झगा. सगळं गाव तिच्यासमोरून गेलं. दान तर सोडाच, कुणी शिवीही दिली नाही. दुष्काळाने माणसं कोरडी झाली आहेत हे मान्य. पण प्रवचन ऐकून बाहेर पडताना तरी!

७ ऑक्टोबर

आज त्या बाईला भाकरी नेऊन दिली. ओटची, जाड, वर थोडं लोणी. तिने हात पुढे केला नाही, तेव्हा मी भाकरी तिच्या मांडीवर ठेवली आणि जरा दरडावलंच, की उपाशी माणसाने ताठा करू नये.

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "मी दिसते तुम्हाला?"

मी म्हटलं, दिसतेस आणि वासही येतो, उद्या घरी ये, पाणी तापवून देते. तेव्हा ती रडायलाच लागली. आवाज न करता. भाकरी धरताना बाही मागे सरकली. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत सरळ, नेटका, भरलेला व्रण होता. कुऱ्हाडीचा किंवा कोयत्याचा व्रण असा नसतो.

मागे वळले तर रस्ता थांबला होता. मॅरियनच्या हातातली टोपली तिरकी होऊन पाव चिखलात पडत होते.

८ ऑक्टोबर

मॅरियनने मला भट्टीमागे ओढलं. म्हणाली, "काय केलंत बाई हे! परक्या आहात म्हणून एकदा चालेल." मग सगळं सांगितलं.

त्या बाईचं नाव इझोबेल. माझ्याआधी किनीरांचं घर तीच सांभाळत होती. फेब्रुवारीत ती तापाने गेली. डॉक्टर निनियननी नाडी पाहिली, ओठांपाशी आरसा धरला आणि मृत्यू जाहीर केला. घंटावाला मृत्यूची घंटा वाजवत गावभर फिरला, पलीकडच्या काठावरही जाऊन आला. पाद्रीसाहेबांनी तिच्यावर प्रवचन दिलं. देहावर हक्क सांगणारं कुणी नव्हतं, आणि असा देह कायद्याने कॉलेजचा. बायकांनी धुऊन, लिननमध्ये गुंडाळून तिला पोचवलं. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांसमोर हातावर सुरी ओढली आणि ती उठून बसली.

मी म्हटलं, म्हणजे ती मेलीच नव्हती.

मॅरियन माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तशी पाहत राहिली. "घंटा झाली होती ना, बाई. सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या. इझोबेल देवाकडे गेली. ते जे भिंतीपाशी बसतं ना, ते काहीतरी तिला घालून बसलंय. बोललं तर ते आपल्यातही येतं."

मग इतके महिने ती जगली कशावर, असं मी विचारलं. मॅरियनने ओट्यावरचे तुकडे गोळा करत मान खाली घातली. म्हणाली, ती रोज भिंतीकडे जाते आणि समुद्रपक्ष्यांसाठी पाव टाकते. पक्ष्यांना टाकायला बंदी नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

जेवताना मी विषय काढला. काढला म्हणजे बशीत आपटलाच. म्हटलं, तुमच्या दारासमोर एक जिवंत बाई बसली आहे आणि तुम्ही दोघे सूप पिताय.

डॉक्टर शांतपणे म्हणाले की मृत्यूनंतरही स्नायू ताणले जातात. देह उठून बसल्याच्या नोंदी हॉलंडमध्येही आहेत. मी विचारलं, "आणि आठ महिने भाकरी चावणं? तोही स्नायूंचा ताणच का?" ते सुपाकडे पाहू लागले. कान लाल झाले होते. या माणसाला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण इतक्या लांबून मुलं ज्याच्याकडे मृत्यू शिकायला येतात, त्याला मृत्यूच ओळखता आला नाही असं झालं तर उरलं काय?

पाद्रीसाहेब मात्र मनापासून बोलले. तिचा मृत्यू त्यांनी व्यासपीठावरून, देवाच्या नावाने सांगितला होता. तो खोटा ठरला तर गुहांत उपाशी बसून ज्यांनी त्यांचे शब्द ऐकले, त्यांनी काय ऐकलं? डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटारड्या माणसाशी मी भांडू शकते. याच्याशी काय भांडायचं?

तरी भांडले. सांगून टाकलं, महिनाअखेर पलीकडच्या काठावर सगळ्या पाद्र्यांची मोठी सभा भरते आहे. मी इझोबेलचा हात धरून तिथे जाणार आणि तो व्रण सगळ्यांना दाखवणार. एका बाईला जिवंत म्हणायला एवढे पंच लागतात, तर लागू देत.

डॉक्टरांनी फक्त विचारलं, तुमचा खोकला कसा आहे.

१६ ऑक्टोबर

खोकला वाढला आहे. इझोबेल आता माझ्याशी बोलते, तुटक तुटक. मी सभेचं सांगितलं. ती म्हणाली, "नका जाऊ. लोक म्हणतात तसं मलाही वाटायला लागलंय. थंडी वाजते, पण कुणाला वाजते ते कळत नाही." मी तिला चांगलं झापलं. तिचा हात माझ्या हातात घेतला. गरम होता, खरखरीत होता, बाईचा हात होता.

होडीवाल्याला अठ्ठावीस तारखेला दोघींना न्यायला सांगितलं. तो हसून म्हणाला, "दोघी? मला तर एकच दिसतेय."

थट्टा असावी.

१८ ऑक्टोबर, रविवार

ताप. चर्चला गेले नाही. डॉक्टरांनी स्वतः औषध आणून दिलं, काळसर, कडू, वर मध. चमचा माझ्या ओठांशी धरताना ते दुसरीकडे पाहत होते. मला वाटलं, पश्चात्ताप होतोय. घेतलं.

तारीख कळत नाही. बाहेर उजेड आहे.

किती झोपले? जीभ सुजली आहे. पाय आहेत पण माझे वाटत नाहीत.

घंटा ऐकून जाग आली. लहान, हातातली. घंटावाला खिडकीखालीच थांबला होता. त्याने टोपी काढली आणि म्हणाला: "बंधूंनो आणि भगिनींनो, कळवण्यात येतं की आपली भगिनी ग्रिझेल टेनंट हिला सर्वशक्तिमान देवाने बोलावून घेतलं आहे."

ग्रिझेल टेनंट मीच.

खिडकी उघडायला हातात जोर नव्हता. काचेवर मूठ आपटली. रस्त्यातल्या लोकांनी वर पाहिलं. नक्की पाहिलं. मग एकेकाने टोपी काढली.

२३ ऑक्टोबर

तारीख मॅरियनच्या दुकानात कळली. कुणी सांगितली नाही. दोन गिऱ्हाइकं आपसात बोलत होती.

मला वाटलं होतं, कोंडतील. तसं काही नाही. दार उघडं होतं. जिन्यावर पाद्रीसाहेब भेटले. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. ते भिंतीला चिकटून, डोळे मिटून, स्तोत्र पुटपुटत खाली गेले. रस्त्यात मी सगळ्यांना नावाने हाका मारल्या. ओरडले. शिव्या दिल्या, शिकवलेल्याही आणि न शिकवलेल्याही. गर्दी माझ्यापुढे दुभंगत होती आणि मागे जुळत होती.

मॅरियनच्या ओट्यावर हात ठेवून म्हटलं, "अगं, मी आहे. तूच म्हणालीस ना, नरक आला की जेवायची वेळ." तिचा चेहरा हलला. ओठही हलले. मग तिने पावाचा तुकडा मोडला आणि माझ्या पायाशी टाकला.

"पक्ष्यांना," ती शेजारणीला म्हणाली.

मी तो उचलून खाल्ला.

२५ ऑक्टोबर, रविवार

नदीकाठी गेले. होडीवाल्याने मला पाहून होडी लोटली. गुडघाभर पाण्यात गेले, तसं त्याने वल्हं उगारलं. मारलं नाही. रडत होता तो.

मग दूरच्या पुलावरून गेले, पायी. पलीकडच्या गावच्या चर्चच्या कारभारी पंचाने नीट ऐकून घेतलं. किती दिवसांनी कुणी ऐकत होतं! बसायला स्टूल दिलं, गरम बिअर दिली. नाव विचारलं. मी सांगितलं. दाखला विचारला. तो पाद्री किनीरांकडे. मग तो हळूच उठला आणि म्हणाला, "ग्रिझेल टेनंटची घंटा आमच्याकडे मंगळवारीच झाली." त्याने माझं स्टूल पायाने दूर सारलं, मी उठले तेव्हा. हात लावला नाही. चार माणसं काठ्या घेऊन मला पुलापर्यंत आणून सोडून गेली.

जगात जायला जागा उरलेली नाही आणि सगळी दारं उघडी आहेत.

२७ ऑक्टोबर

इझोबेलच्या शेजारी बसते. ती आता उत्तर देत नाही. हात लावला की माझी बोटं एकेक करून सोडवते. तिलाही मी दिसत नाही का? विचारलं. तिने डोळे मिटले.

माझी नाडी मला सापडत नाही. बोटं गारठली आहेत म्हणून. म्हणूनच.

२९ ऑक्टोबर

मूर्ख — मूर्ख बाई!

कॉलेजच्या आवारात मुलांना लॅटिनशिवाय दुसरं बोलायची परवानगी नाही. सकाळी भिंतीआडून त्यांचं चुकतमाकत बोलणं ऐकलं आणि वाटलं, ही शिकलेली पोरं. यांच्याशी यांच्याच भाषेत बोलावं. नन्सनी शिकवलेलं सगळं आठवलं, एकही प्रत्यय चुकला नाही. म्हटलं: मी जिवंत आहे. भूक लागते. तुम्ही वैद्य होणार आहात, या, हाताला हात लावून पाहा.

एक जण आला. लाल केसांचा. हात पुढे केला — बोटभर अंतर राहिलं होतं —

मग मागून दुसरा किंचाळला. घरकाम करणारी बाई. लॅटिन. मेलेली, आणि पोपच्या भाषेत —

पळाले सगळे.

दुपारी पाद्रीसाहेबांनी चर्चच्या पायरीवरून सांगितलं. आजवर ते नुसतं फिरत होतं. आता ते बोललं, आणि जी भाषा ग्रिझेल टेनंट कधी शिकलीच नव्हती त्या भाषेत बोललं. दाखल्यातही तसं काही नाही. आता उशीर नको, देह रीतसर तयार करून कॉलेजात पोचवायला हवा. डॉक्टर त्यांच्या मागे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "तुम्हाला ठाऊक आहे. एकदा तरी बोला." त्यांनी पाहिलं. आख्ख्या गावात ते एकटेच माझ्याकडे पाहत होते.

आणि ते बोलले. म्हणाले, "उद्या."

शेजारी उभ्या चर्चच्या पंचांना म्हणाले.

३० ऑक्टोबर

भिंतीपाशी इझोबेल नाही. झगा आहे.

पळायला निघाले — पुलावर माणसं. किनाऱ्यावर माणसं. पाठ फिरवून उभी, पण हातात हात. मधून जायला वाट नाही. मी एकाच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. तो शेजाऱ्याशी मासळीबद्दल बोलत राहिला.

घरी आले. का आले? ऊब होती. म्हणून.

दुपार

बायका आल्या. पाच-सहा. कोळणी, आणि मॅरियन. बाह्या वर करून. तापलेलं पाणी आणलं आहे.

धरलं. मी चावले, ओरबाडलं — मासळी ओढणारे हात त्यांचे. टेबलावर ठेवलं. धुताहेत. हळुवार — माझ्या आईनंतर एवढं हळुवार कुणी —

आणि बोलताहेत. माझ्याबद्दलच.

"किती गं हाडं लागतात हिची."

"जीभ काय होती बाई, माशाचे खवले उतरले असते."

"हात सढळ होता मात्र."

"नाक तेवढं वर. फ्रेंच येत होतं म्हणे."

"येऊ दे बाई, आता तिकडे कुणाशी बोलायचंय ते बोलेल."

हसल्या. मी ओरडत होते आणि त्या हसल्या — प्रेमाने.

पायाचे अंगठे बांधले एकमेकांना. हनुवटीखालून फडकं घेतलं, डोक्यावर गाठ. आता बोलता येत नाही. दात दातांवर. लिननमध्ये कमरेपर्यंत आहे. डावा हात आत. उजवा राहिलाय, म्हणून — टेबलाच्या कडेला वही — पेन्सिल —

त्यांना दिसतंय मी लिहितेय. एक जण म्हणाली, "ताण आहे गं नुसता, डॉक्टरांनी सांगितलंय ना."

मॅरियन कपाळाला हात लावायला वाकली. इथे सगळेच लावतात, मेलेलं स्वप्नात येऊ नये म्हणून. हात तसाच राहिला. म्हणाली, "ऊब आहे गं हिच्यात."

गाठी मारणारे हात थांबले.

मॅरियन — मॅरियन माझ्याकडे बघतेय. डोळ्यांत बघतेय. मी पापण्या मिटते उघडते, मिटते उघडते. बघ. बघ ना —

"चूल जवळ आहे," कोणीतरी म्हणालं.

"हो," मॅरियन म्हणाली. "चूल जवळ आहे." रडतेय. वाकून कानाशी म्हणाली, माफ कर गं बाई. मेलेल्यांना म्हणतात तसं.

खाली दार वाजलं. पुष्कळ पावलं, तरुण —

आता माझा हात धरलाय तिने. ऊबदार आहे तिचा. म्हणतेय, ते काढा हातातलं, बोटं अजून मऊ आहेत तोवर सरळ करून